व्हॅनमधल्या टाकीची तारीख

कासला मुक्कामी जायचं म्हणून व्हॅन धुवायला काढली. ५ किलोच्या गॅसच्या टाकीवरचा गंज पुसताना वरच्या कड्याच्या पट्टीवर ‘बी-२३’ दिसलं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी-डी तसंच पुढं, आकडा सालाचा. म्हणजे चाचणीची मुदत जून २०२३ लाच संपलेली, आणि आम्ही त्यावर निवांत चहा उकळतोय!

शेजारचे काका म्हणाले, “रंग मार, नवी दिसंल.” नको रे बाबा. ही तारीख गॅसची नव्हे, टाकीच्या पत्र्याची. तपासणी पाण्याच्या दाबावर होते. गल्लीतल्या वेल्डरचं ते काम नाही.

कार्ड घेऊन एजन्सीत गेलो. पोरगा आधी “चालतंय की” म्हणाला. पट्टीवर बोट ठेवलं, तेव्हा मुकाट्यानं टाकी बदलून दिली. पैसे फक्त भरलेल्या गॅसचे. नवीची पट्टी तिथंच वाचून घेतली.

घरी साबणाचं पाणी लावलं तर नळीच्या टोकाशी बारीक बुडबुडे. नळीला ५ वर्षांची मुदत असते, तीही उलटून गेलेली. आयएसआय मार्कची नारिंगी नळी घातली, परत फेस लावला. एकही बुडबुडा नाही. रविवारी यवतेश्वरच्या घाटात पोहे झाले.