मशीन भरतकाम: चुण्या मशीनमुळे नव्हे, रिंगमध्ये पडतात

कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. सुती कापड न धुता भरलं, तर पहिल्याच धुण्यात ते आटतं, पॉलिएस्टरचा दोरा आटत नाही आणि नक्षीभोवती कापड गोळा होतं.

40 नंबरच्या दोऱ्याला 75/11 ची सुई, बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या रिळाला) 60 नंबरचा बारीक दोरा. होजिअरीला (टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाला) बॉलपॉइंट, म्हणजे गोल टोकाची सुईच लावा; टोकदार सुईने वीण तुटते आणि धुतल्यावर भोकं उघडी पडतात.

स्टॅबिलायझर म्हणजे टाक्यांना आधार देणारा, कापडाखाली लावायचा थर. ताणणाऱ्या कापडाखाली कट-अवे स्टॅबिलायझर हवा (जादा भाग कात्रीने कापायचा, नक्षीखालचा तसाच राहतो), इथे तडजोड नको. टेअर-अवे फाडून टाकला की टाक्यांना आधारच उरत नाही. तो घट्ट विणीच्या, न ताणणाऱ्या कापडासाठी ठीक. टॉवेल आणि मखमलीवर पाण्यात विरघळणारी फिल्म अंथरा, नाहीतर टाके लवेत बुडतात. स्टॅबिलायझर रिंगपेक्षा चारही बाजूंनी 2-3 सेंमी मोठा कापा.

आता रिंग. 'कापड ढोलकीसारखं ताणून बसवा' हा सल्ला जिथे तिथे मिळतो आणि होजिअरीची वाट लावतो. ताठ हवा तो स्टॅबिलायझर. कापड त्यावर नुसतं सपाट बसलेलं हवं. ताणलेल्या कापडावर टाके पडले की तेवढा भाग ताणलेलाच राहतो. रिंग काढल्यावर भोवतालचं कापड मूळ मापावर येतं आणि चुण्या उभ्या राहतात. मग दोऱ्याचं टेन्शन (ताण) कितीही फिरवा, उपयोग नाही.

म्हणून आधी स्टॅबिलायझरवर तात्पुरत्या चिकटण्याचा स्प्रे हलका मारा आणि कापड मधून कडेकडे हाताने सपाट करत चिकटवा. बाहेरच्या रिंगचा स्क्रू इतका सैल ठेवा, की आतली रिंग तळहाताच्या दाबाने बसेल. ती बसल्यावर स्क्रू आवळा. कापडाच्या कडा मात्र ओढू नका. आवळल्यानंतर चारही बाजूंनी ओढायची सवय सगळ्यात घातक, आणि नेमकी तीच सर्रास शिकवली जाते.

आता रिंग डोळ्यांजवळ धरा. होजिअरीवरच्या बारीक उभ्या रेघा काठापर्यंत सरळ जायला हव्यात. काठाशी त्या धनुष्यासारख्या वाकल्या असतील, तर कापड ताणलं गेलं आहे. काढा आणि पुन्हा बसवा. बोट हलकं फिरवल्यावर पुढे कापडाची लाट आली, तर ते सैल आहे.

साटीनचं कापड निसटत असेल तर आतल्या रिंगला सुती फीत गुंडाळा. मखमल रिंगमध्ये घालूच नका, दाबलेली लव नीट उठत नाही. रिंगमध्ये फक्त स्टॅबिलायझर बसवा, मखमल वर चिकटवा आणि नक्षीभोवती लांब टाक्यांची चौकट घाला.

त्याच कापडाच्या तुकड्यावर, तोच स्टॅबिलायझर लावून चाचणी घ्या. साटीन टाक्याच्या (एकमेकांना लागून पडणाऱ्या टाक्यांच्या भरीव पट्टीच्या) मागच्या बाजूला बॉबिनचा दोरा मधल्या एक तृतीयांश पट्ट्यात दिसला, की टेन्शन बरोबर. भरायला लगेच बसणार असाल तेव्हाच कापड रिंगमध्ये घाला. रात्रभर अडकून राहिलं तर काठाचा वळ पडतो.