नाताळच्या ताटात रताळं, बेकनच्या पांघरुणात

बेकन, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या पातळ पट्ट्या, गुंडाळलेली भाजी बिघडते ती बहुतेक वेळा एकाच कारणानं. बेकनला शिजायला लागणारा वेळ वेगळा, आतल्या भाजीला लागणारा वेगळा. मी फौजेच्या मेसमध्ये नवा होतो तेव्हा नाताळच्या पार्टीला कच्च्या रताळ्याच्या फोडी तशाच गुंडाळून भट्टीत सारल्या होत्या. वरचं बेकन काळं पडलं, आत रताळं कडकडीत. आमच्या उस्तादांनी एक तुकडा तोंडात टाकला, दाढेखाली धरला आणि म्हणाले, "काय बे, हे खायचं काय फोडायचं?" तो ट्रे टेबलावर गेलाच नाही.

आता निवृत्त होऊन गावी राहतो. बेळगावच्या पश्चिमेला, उचगाव-बेक्किनकेरेच्या बाजूला, लाल मातीत. बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे छावणीच्या भागात, माझा मेसमधला जुना जोडीदार राहतो, त्याच्या घरी दरवर्षी २४ डिसेंबरला माणसं जमतात आणि हा पदार्थ माझ्याकडून ठरलेला. ३१ तारखेला पुन्हा एक खेप, कारण त्या रात्री कॅम्पातली पोरं ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळायला जमतात आणि त्यांची भूक वेगळीच असते.

माझी लेक पुण्याहून मोबाईलवर कृती पाठवते, त्यात ॲस्परॅगस असतो, ती कोवळ्या कोंबांची परदेशी भाजी. तो आणायचा कुठून आणि कशाला? आमच्या शिवारात रताळं पिकतं. नवरात्राच्या उपवासासाठी काढलेल्यातली थोडी टोपलीत पसरून ठेवली की नाताळपर्यंत त्यांना चांगली गोडी चढते. बेकन खारट, रताळं गोड, दोघांचं जमतं. फरसबीही छान लागते, तिचं खाली सांगतो. टोमॅटो, दोडका, भोपळी मिरची मात्र नको, पाणी सोडतात आणि बेकन भाजण्याऐवजी उकडत बसतं.

चोवीस नगांसाठी बेकनच्या बारा लांब पट्ट्या घ्या. पोटाकडच्या मांसाचं, चरबीच्या रेघा असलेलं बेकन हवं. पाठीकडचं रुंद आणि कमी चरबीचं असतं, ते कोरडं पडतं. कॅम्पातल्या कोल्ड स्टोरेजच्या दुकानात गोठवलेली पाकिटं मिळतात. पाकिटावर स्मोक्ड लिहिलेलं असलं तरी ते कच्चंच समजा. आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा. घाई करून गरम पाण्यात टाकलं तर पट्ट्या एकमेकींना चिकटून फाटतात.

रताळी अर्धा किलो, मध्यम जाडीची. लाल सालीचं असो की पांढऱ्या, चालतं. किडकं नको, त्याचा कडवटपणा कशानंही जात नाही. साल काढून अडीच सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा. सगळे सारखे. इथं आळस केला तर अर्धे पिठूळ होतील, अर्धे कच्चे राहतील. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा आणि सुरीचं टोक खुपसून बघा: टोक आत जावं, पण मधोमध थोडं अडावं. तिथंच पाणी काढून टाका, फोडी पंचावर पसरा, पूर्ण गार आणि कोरड्या होऊ द्या. पाण्यात मीठ घालू नका. नंतरही कुठंच घालू नका, बेकनमध्ये आहे तेवढं पुष्कळ.

आता पट्टी. फळीवर आडवी ठेवून सुरीच्या पाठीनं हलकं ओढत न्या, थोडी लांब आणि पातळ होते. मग मधून कापा, बाराच्या चोवीस होतात. अर्ध्या पट्टीत एक फोड गुंडाळायची, शेवट दोनेक सेंटिमीटर एकमेकांवर चढला की बस. दोन वेढे देऊ नका. बाहेरचा वेढा कुरकुरीत होतो आणि आतला रबरासारखा राहतो, माणूस चघळत बसतो. चढलेल्या जागेतून लाकडी टूथपिक आरपार घाला. टूथपिका आधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यात भिजवल्या तर टोकं जळत नाहीत.

इथपर्यंतचं काम आदल्या संध्याकाळी उरकून झाकून फ्रीजमध्ये ठेवता येतं. मी तसंच करतो. फळी आणि सुरी मात्र लगेच साबणानं घासायची, कच्च्या मांसाच्या फळीवर कोथिंबीर चिरायची नाही.

आमच्या घरात हे काम मागच्या पडवीत चालतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी बायकोनं सांगून टाकलं होतं, "ते तुमचं डुकराचं काय असंल ते मागं करा, माझ्या ओट्यावर नको." तेव्हापासून पडवीत माझा वेगळा ओटीजी (विजेची छोटी भट्टी), वेगळा चिमटा आणि खिळ्याला अडकवलेला बिडाचा तवा.

ओटीजी २०० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा. ट्रेमध्ये फॉईल पसरून अर्धी वाटी पाणी ओता, त्यावर जाळी ठेवा आणि जाळीवर नग, जोडाची बाजू खाली करून, एकमेकांना न चिकटवता. पाणी कशाला? चरबी वितळून गरम पत्र्यावर पडली की धूर होतो. पाण्यात पडली की होत नाही. बारा मिनिटांनी चिमट्यानं उलटा. वीस मिनिटांच्या आसपास चरबीची पांढरी रेघ पारदर्शक होऊन कडा तपकिरी होऊ लागतात. तेव्हा वरून रस लावायचा, त्याआधी नाही.

हा रस म्हणजे काकवी. साहेबलोक ब्राऊन शुगर मागायचे, आम्हाला गुऱ्हाळातली काकवी आहे. तीन चमचे काकवी, अर्ध्या लिंबाचा रस, पाव चमचा मिरपूड, अर्धा चमचा तिखट. रंग हवा असेल तर ब्याडगी घ्या. झणका हवा असेल तर संकेश्वरी, पण ती मोजून. एका वर्षी मी डोळ्याच्या अंदाजानं टाकली आणि जोडीदाराच्या सासूबाईंनी रात्रभर पाणी पिऊन माझं नाव काढलं. डिसेंबरच्या थंडीत काकवी घट्ट होते, वाटी गरम पाण्यात ठेवून सैल करून घ्या. ब्रशनं पातळ थर लावा आणि चार-पाच मिनिटंच पुन्हा आत. साखर लवकर करपते, या पाच मिनिटांत ओटीजीसमोरून हलायचं नाही. फोन आला तरी.

लाईट गेली तर बिडाचा तवा. तवा थंड असतानाच, तेल न घालता, जोडाची बाजू खाली करून नग मांडा आणि मग मंद आच लावा. थंड तव्यावर चरबी हळूहळू सुटते आणि त्याच चरबीत बेकन भाजतं. गरम तव्यावर टाकलं तर पट्टी आखडून सुटते. चारही बाजू फिरवत पंधरा-अठरा मिनिटं लागतात. खरं सांगू? मला तव्यावरचंच जास्त आवडतं, पण चोवीस नग एका वेळी मावत नाहीत.

फरसबी करायची तर कोवळ्या शेंगांची टोकं खुडून सात-आठ सेंटिमीटरचे तुकडे करा. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच थंड पाण्यात, मग कोरडे. पाच-सहा शेंगांची जुडी, अर्धी पट्टी, एक टूथपिक. बाकी सगळं तेच.

एक गोष्ट बेळगावात विसरून चालत नाही. जमलेल्यात लिंगायत शेजारी असतात, जैन असतात, मुसलमान मित्र असतात. म्हणून थोडी रताळी बिनबेकनची ठेवतो, लोणी, काकवी आणि तेच तिखट लावून. जैन मंडळींना हे रताळंही चालत नाही, कंद पडला. त्यांच्यासाठी साध्या फरसबीची जुडी. हे सगळं आधी भाजून काढायचं, बेकनचा ट्रे त्यानंतर. ताट वेगळं, चिमटा वेगळा, आणि कशात काय आहे ते विचारायच्या आत सांगायचं.

भट्टीतून काढल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, काकवी जिभेला चटका देते. टूथपिका मोजून घाला आणि मोजून गोळा करा, लहान मुलं असली तर विशेष. दोन तासांहून जास्त वेळ उघड्यावर राहिलेलं पुन्हा गरम करून वाढू नका.

बेकन तव्यावर केलं असेल तर उरलेली चरबी गाळून बाटलीत भरा, फ्रीजमध्ये टिकते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यात उकडलेल्या बटाट्याच्या फोडी परततो, लसूण ठेचून टाकतो. वास घरात जातो. बायको पडवीच्या दारात येऊन विचारते, "बटाटेच हायत न्हवं?"