युरोपची स्वस्त सहल: मामांच्या वहीतले सल्ले आणि नव्या चुका

आमच्या मामांनी 2012 मध्ये युरोप पाहिला. कंबरेच्या पाउचात युरोच्या नोटा, हातात रेल्वेचा कागदी पास, आणि ‘तिथे गेल्यावर बघू’. त्यांची वही घरात अजून फिरते. पण हल्ली स्वस्तात फिरायचं असेल तर पैसे घर सोडण्याआधी वाचवावे लागतात.

विमानापासून सुरू करू. रायनएअर या स्वस्त विमान कंपनीच्या मूळ भाड्यात सीटखाली मावणारी 40×30×20 सेंमीची एकच बॅग बसते. घरी टेप लावताना चाकं आणि हँडलही मोजा, गेटवरच्या मापात तीही धरतात. नोव्हेंबर 2025 पासून त्यांचा बोर्डिंग पासही फोनवरच. भारतीय पासपोर्ट असेल तर ऑनलाइन चेक-इन झाल्यावरही अनेकदा काउंटरवर व्हिसा दाखवावा लागतो, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. आणि तिकिटावर ‘पॅरिस बोव्हे’ दिसलं तर ते विमानतळ शहरापासून 85 किलोमीटरवर आहे. बसचं भाडं आणि सव्वा तास धरून मगच स्वस्त म्हणा.

सगळ्यात महाग चूक रेल्वेची. अनेक युरोपीय देशांत चालणारा युरेल हा रेल्वे पास काढला की कुठल्याही गाडीत बसता येतं, हे मामांच्या वहीतलं वाक्य. पण फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीला आणि लंडनला युरोपशी जोडणाऱ्या युरोस्टारला पास असूनही पैसे भरून जागा राखून ठेवावी लागते, शिवाय पासधारकांसाठी जागा मोजक्याच. जागा संपल्या असतील तर हताश होऊ नका. प्रादेशिक गाड्यांना बहुतेक वेळा आरक्षण लागत नाही. तुकड्यातुकड्यांनी जा, वेळ लागेल एवढंच. मोबाइल पास असेल तर गाडीत चढण्याआधी तो प्रवास युरेलच्या ॲपमध्ये नोंदवा. तपासनीस समोर आल्यावर नेट शोधण्यात अर्थ नाही.

फक्त जर्मनीतच फिरणार असाल तर डॉइचलँड-टिकेट हे महिन्याचं तिकीट बघा. 2023 मध्ये ते 49 युरोला आलं, 2026 पासून 63 युरो झालं. महिनाभर देशभरातल्या लोकल, प्रादेशिक गाड्या, ट्राम, बस त्यात येतात. आयसीई ही वेगवान गाडी येत नाही. मेख अशी की हे वर्गणीचं तिकीट आहे. प्रवासाच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द केलं नाही, तर तुम्ही पुण्यात परतलात तरी पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

पॅरिसमध्ये लूव्र संग्रहालयाचं तिकीट जानेवारी 2026 पासून युरोपबाहेरच्यांना 32 युरो आहे, आधी 22 होतं. 18 वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट, त्यामुळे मुलांसाठी पैसे धरू नका. पासपोर्ट मात्र सोबत ठेवा.

आता कार्ड. रोममध्ये कॉफीचे पैसे देताना मशिनवर दोन आकडे आले, एक युरोत, एक रुपयांत. रुपये ओळखीचे, म्हणून माझं बोट तिकडे गेलं, आणि दुकानाच्या बँकेने तिच्या दराने पैसे लावले. नेहमी युरोच निवडा. चुकून रुपये दाबलेत तर तिथेच व्यवहार रद्द करून पुन्हा युरोत करायला सांगा, लाजू नका.

तिथे गेल्यावर ऑनलाइन तिकीट काढलंत की ओटीपी इथल्या नंबरवर येतो. युरोपचं ई-सिम घातलंत तरी भारतातलं सिम फोनमध्येच राहू द्या, डेटा बंद आणि रोमिंग चालू. आमच्याकडे एकाने ते ‘हरवायला नको’ म्हणून कपाटात ठेवलं आणि व्हेनिसच्या स्टेशनवरून बायकोला फोन करून कपाट उघडायला लावलं.