तीन दलाल, एक बंदर

जळगाव एमआयडीसीतल्या दालमिलमध्ये खरेदीला लागलो, तेव्हा कच्च्या मालाच्या जोखमीवर माझ्याकडे एकच उत्तर होतं: तुरीला तीन दलाल लावलेत. शेठ नुसते हसले. 2023 च्या अखेरीस मोझांबिकच्या बंदरांत तुरीचे कंटेनर अडकले आणि दोन दिवसांत तिघांचेही फोन. शब्दसुद्धा तेच, "भाऊ, माल बंदरमाच शे." तिघांकडूनही मी मोझांबिकची गजरी तूरच घेतली होती. एकाच विहिरीत तीन पोहरे सोडून बसलो होतो.

तेव्हापासून वहीत दलालाच्या नावापुढे मालाचं मूळ गाव लिहितो. लेमन म्हणजे बर्मा, गजरी म्हणजे मोझांबिक, अरुषा म्हणजे टांझानिया. देशी असेल तर अकोला, लातूर की कलबुर्गी. त्यापुढे महिना. आपली नवी तूर डिसेंबर-जानेवारीत उतरते. आफ्रिकेची येते ती आपली संपत आलेली असताना. नवी मुलं भावाचा तक्ता करतात, महिन्यांचा करत नाहीत.

"मग साठाच करू ना," असं मीही म्हणालो होतो. व्याज सोडा, साठ्यावर सरकारची मर्यादा लागू शकते. जून 2023 मध्ये तूर-उडदावर ती लागली, तेव्हा मिलला मागच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या 25 टक्के, यातलं जे जास्त तेवढं ठेवता यायचं. सप्टेंबरअखेर ते एक महिना किंवा 10 टक्क्यांवर आणलं. आयातीचंही तसंच: मे 2021 पासून खुली, पण मुदत वाढवत वाढवत. जहाज त्या तारखेच्या पलीकडे पोचणार असेल, तर सौदा करायला माझा हात धजत नाही.

सगळ्यात जास्त वाद मात्र पर्यायी मालावरून होतो. वहीत अरुषा लिहून ठेवली म्हणजे ती आपल्या मिलमध्ये चालली असं नाही. दाण्याचा आकार, ओलावा, साल सगळंच वेगळं. साल सुटण्यासाठीचं तेल-पाणी, वाळवण, डाळीचा उतारा, सगळं नव्याने बसवावं लागतं. अडचणीच्या आठवड्यात हे शिकायला वेळ कुठला? म्हणून क्विंटलमागे थोडं महाग पडलं तरी मधूनमधून असा थोडा माल घ्यायचा आणि त्याची डाळ काढून बघायची. शेठना हे पटवायला मला एक हंगाम लागला.

मागच्या आठवड्यात अरुषा दहा टन आली. साल सुटत नाही म्हणून मिस्त्री कुरकुरतोय. आज तिसऱ्यांदा तेल देऊन वाळत घातलीय.