निकालावर लिहिताना या चुका टाळा

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा, म्हणजे राज्यघटनेच्या प्रश्नांसाठी बसणाऱ्या किमान पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा, निकाल सकाळी लागतो आणि दुपारच्या जेवणाआधी त्याचं विश्लेषण फिरू लागतं. शेकडो पानांचं निकालपत्र एवढ्या वेळात वाचून होत नाही. बहुतेक चुका या घाईतूनच होतात.

सगळ्यात महागात पडते ती पहिलंच निकालपत्र वाचून थांबण्याची चूक. न्यायमूर्ती वेगवेगळी निकालपत्रं लिहितात, आणि पहिलं छापलेलं बहुमताचंच असेल असं नाही. मराठा आरक्षणाचा ५ मे २०२१ चा निकाल घ्या. मराठा आरक्षणासाठी पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडता येणार नाही, यावर पाचही न्यायमूर्ती एकमताचे होते. पण १०२व्या घटनादुरुस्तीनंतर मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे उरला का? इथे पीठ ३ विरुद्ध २ असं फुटलं. पहिलं निकालपत्र न्या. अशोक भूषण यांचं, आणि याच मुद्द्यावर ते न्या. अब्दुल नझीर यांच्यासह अल्पमतात. उरला नाही, असं म्हणणारं बहुमत न्या. रवींद्र भट, न्या. नागेश्वर राव आणि न्या. हेमंत गुप्ता यांचं.

त्याच आठवड्यात एका होतकरू वकिलाने मला लेख तपासायला पाठवला. मथळा होता, ‘राज्यांचा अधिकार शाबूत’. खाली न्या. भूषण यांचे उतारे, परिच्छेद क्रमांकांसकट. उतारे अचूक, निष्कर्ष साफ उलटा. फोन केला तर म्हणाला, “सर, निकालातच लिहिलंय ना!” म्हटलं, “अरे, न्या. भट काय म्हणतात ते उघड आणि मला वाचून दाखव.” दोन परिच्छेदांनंतर तो गप्प झाला. लेख तसाच गेला असता, तर प्रवेशाची वाट पाहणाऱ्या पोरांनी त्यावर भिस्त ठेवली असती. राज्यांना तो अधिकार परत द्यायला संसदेला त्याच ऑगस्टमध्ये १०५वी घटनादुरुस्ती करावी लागली.

म्हणून मी आधी कागदावर तक्ता आखतो. आडवे प्रश्न, उभे न्यायमूर्ती. प्रत्येक चौकोनात ‘होय’ किंवा ‘नाही’ आणि परिच्छेदाचा क्रमांक. एक चौकोन जरी रिकामा असला तरी लिहायला बसत नाही. सरन्यायाधीश बहुमतातच असणार, हेही गृहीत धरू नका. आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाच्या निकालात (७ नोव्हेंबर २०२२) सरन्यायाधीश उदय लळीत अल्पमतात होते.

सुनावणीतला तोंडी शेरा म्हणजे निर्णय नव्हे. लेखी आदेशात नसेल तर ‘न्यायालयाने म्हटलं’ असं लिहू नका.

स्थगिती म्हणजे रद्द नव्हे. मराठा आरक्षणाच्या कायद्याला ९ सप्टेंबर २०२० ला अंतरिम स्थगिती मिळाली. कायदा रद्द झाला पुढच्या मे महिन्यात.

विशेष अनुमती याचिका, म्हणजे उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध अपिलाची परवानगी मागणारी याचिका, सर्वोच्च न्यायालयाने एका ओळीत फेटाळली की ‘उच्च न्यायालयाच्या निकालावर शिक्कामोर्तब’ असा मथळा येतो. तो चुकीचा आहे. कारणं न देता परवानगी नाकारली, तर सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल तपासून मान्य केला असं ठरत नाही; कुन्हायम्मद खटल्यात (२०००) हे स्पष्ट झालेलं आहे.

आणि यंत्राकडून सारांश मागवून त्यातले दाखले चिकटवणं हे मला अजिबात खपत नाही. अस्तित्वात नसलेले खटले त्यात बेमालूम येतात. मूळ निकालपत्र सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. जो परिच्छेद द्यायचा, तो तिथे उघडून, मागचा-पुढचा परिच्छेदही वाचून मगच उतरवा.