लाकडाला दोष देण्याआधी: इलेक्ट्रिक गिटारच्या टोनबाबत या चुका टाळा

"माझी गिटार बासवूडची आहे, म्हणून आवाज दबलेला येतो. महोगनीची घेऊ का?" हा प्रश्न मीही एकेकाळी विचारत फिरलोय. जो तो आपापल्या आवडत्या लाकडाचं नाव सांगायचा. केबल किती लांब आहे, तारा कधी बदलल्या, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

पहिली चूक अकूस्टिकमधून येते. अकूस्टिक गिटारची वरची पातळ फळी स्वतः थरथरते आणि हवा हलवते, त्यामुळे ती स्प्रूसची की सीडरची हे कानाला कळतं. इलेक्ट्रिकच्या पिकअपचा हवेशी संबंध नाही. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की वेढ्यांत विजेचा सिग्नल तयार होतो, आणि अँपला जातो तो एवढाच. मग लाकडाचं काम शून्य का? तसंही नाही. तारेची ऊर्जा तिची दोन टोकं जिथे टेकतात त्या ब्रिज आणि नटमधून लाकडात झिरपते, आणि कुठल्या कंपनांची किती झिरपली यावर स्वर किती वेळ टिकतो ते थोडंफार ठरतं. अँप बंद ठेवून वाजवलं की दोन बॉड्यांमधला फरक पोटाला, बरगड्यांना चक्क जाणवतो. जॅक लावला की त्यातला बराचसा जागच्या जागी राहतो.

इतिहासही हेच सांगतो. डॅनइलेक्ट्रो या कंपनीनं १९५०च्या दशकात लाकडी चौकटीवर मेसोनाइट, म्हणजे दाबून बनवलेली हार्डबोर्ड, ठोकून गिटारी विकल्या. १९६९ साली अँपेग कंपनीनं डॅन आर्मस्ट्राँगच्या डिझाइनची पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची गिटार काढली. दोन्हींच्या आवाजाचे चाहते आजही आहेत.

दुसरी चूक म्हणजे लाकडांचा तक्ता पाठ करणं. अ‍ॅश झगझगीत, अल्डर संतुलित, महोगनी उबदार, मेपल टोकदार, बासवूड मधलं. ऐकायला छान, पण 'महोगनी' या नावाखाली मध्य-दक्षिण अमेरिकेतली स्वीटेनिया विकली जाते, तशी आफ्रिकेतली खायाही. 'स्वाम्प अ‍ॅश' ही तर झाडाची वेगळी जातच नाही. अमेरिकेच्या (यूएसए) दक्षिणेकडच्या राज्यांतल्या दलदलीत वाढलेल्या अ‍ॅशचं हलकं लाकूड, इतकाच त्याचा अर्थ. एकाच झाडाच्या दोन फळ्यांच्या वजनातही फरक पडतो. नाव एक आणि घनता भलतीच, मग तक्ता कशाचं वर्णन करतो?

आणि हा तक्ता तयार कसा झाला तेही पाहा. लोक फेंडरची स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) आणि गिब्सनची लेस पॉल शेजारी ठेवून ऐकतात आणि फरक लाकडाच्या खात्यावर टाकतात. एकीची स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी, सुमारे ६४८ मिमी, दुसरीची सुमारे ६२८. एकीत सिंगल कॉइल (वेढ्यांचं एकच गुंडाळं असलेले पिकअप), दुसरीत बहुधा हंबकर (दोन गुंडाळ्यांचे). एकीचा नेक स्क्रूंनी बसवलेला, दुसरीचा चिकटवलेला. एकीत २५० किलोओहमचे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचे फिरते रेझिस्टर), दुसरीत साधारण ५००चे. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर लाकडाचा वाटा वेगळा काढणार कसा? खुद्द स्ट्रॅट १९५४ साली अ‍ॅशमध्ये आली आणि १९५६च्या सुमारास बहुतेक बॉड्या अल्डरच्या होऊ लागल्या. अ‍ॅशची छिद्रं रंगाआधी फिलरनं बुजवावी लागत, अल्डरवर ते काम फारसं नसे. फिकट पारदर्शक रंगाच्या गिटारींना मात्र अ‍ॅशच राहिली, कारण तिच्या रेषा त्यातून सुंदर दिसत. आज आपण ज्याला 'अल्डरचा टोन' म्हणतो, त्याच्या मुळाशी रंगकामाची सोयही आहे.

आता माझ्या त्या दबलेल्या बासवूडकडे येऊ. तारा नव्या घातल्या, थोडा उजेड आला. सहा मीटरच्या केबलऐवजी तीन मीटरची लावली, आणखी थोडा. केबलच्या प्रत्येक मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. पिकअपच्या वेढ्यांशी मिळून तो ट्रेबलच्या, म्हणजे उंच स्वरांच्या, पट्ट्यात एक शिखर तयार करतो आणि केबल जितकी लांब, तितकं ते शिखर खाली सरकतं. तरी काहीतरी खटकतच होतं. शेवटी मागचं झाकण उघडलं. व्हॉल्यूम पॉट सर्किटमध्ये जोडलेला असताना मीटर लावला तर पिकअपचाच रेझिस्टन्स दिसतो, म्हणून एका पायाचं सोल्डर काढून तो मोकळा केला. आकडा आला २३८ किलोओहम. हंबकरला २५० किलोओहमचा पॉट, म्हणजे ट्रेबल दबणारच! आधीच्या मालकाची कृपा. ५०० किलोओहमचा बसवला आणि 'महोगनी घ्यायची' हा विषय त्याच संध्याकाळी संपला. बॉडी अजून तीच आहे.

सस्टेनच्या, म्हणजे स्वर टिकत नसल्याच्या, तक्रारीतही आरोपी बहुतेकदा दुसराच निघतो. एखादाच स्वर, बऱ्याचदा जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास, पटकन विरत असेल तर तो नेकचा डेड स्पॉट असण्याची शक्यता जास्त. हेडस्टॉकला, म्हणजे नेकच्या टोकाच्या खुंट्यांच्या भागाला, कापड गुंडाळून एक छोटा क्लँप घट्ट लावून बघा. मेलेला स्वर जागा सोडून दुसऱ्या फ्रेटवर गेला तर बॉडी बदलून काही होणार नाही. सगळ्याच जाड तारा वरच्या फ्रेटवर डळमळीत, बेसूर वाजत असतील तर पिकअप फार वर आलेत आणि चुंबक तारा ओढतायत. तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि पिकअपपासूनचं अंतर मोजा: साध्या सिंगल कॉइलसाठी जाड ई खाली २ मिमीच्या आसपास, बारीक ई खाली सुमारे १.६. तिथून पाव-पाव फेरा फिरवत कानानं ठरवा.

तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवणं लोक हमखास विसरतात. जी गिटार जोरात वाजते ती कानाला चांगलीच वाटते. मग 'जिवंत लाकूड' वगैरे शब्द सुचायला लागतात.

लाकडाचा विचार करायचा तो वजन आणि मजबुतीसाठी. गिटार पट्ट्यावर अडकवून अर्धा-पाऊण तास उभं राहा. जड अ‍ॅशची बॉडी खांद्याला कळवते, फार हलकी बॉडी असेल तर नेक जमिनीकडे झुकतो आणि डावा हात त्याला उचलण्यातच गुंततो. बासवूड मऊ असतं. ट्रेमोलो ब्रिजच्या (दांड्यानं हलणाऱ्या ब्रिजच्या) खुंट्या पुढे झुकल्यात का ते बघा, कारण त्या झुकल्या तर ट्यूनिंग टिकत नाही. पट्ट्याच्या बटणाचा स्क्रू त्यात नुसताच गोल फिरू लागतो. स्क्रू काढून भोकात लाकडाचा गोंद लावलेल्या दोन-तीन टूथपिक ठासून बसवा, रात्रभर वाळू द्या, वरचं टोक सपाट कापा आणि तोच स्क्रू पुन्हा हातानं, सावकाश पिळा.