पत्र्याची शेड आधी जमिनीला धरून ठेवा: साइटवर नव्याने येणाऱ्यांसाठी

डिप्लोमा करून तळोजा, भिवंडी किंवा वसईच्या साइटवर आलेल्या मुलामुलींना पहिली काळजी असते ती छताचं वजन खांब पेलतील का याची. आपल्याकडे प्रश्न बहुतेकदा उलटा असतो. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम साडेचार किलो भरतो. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या भाग ३ मध्ये मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की दाब निघतो, तो चौरस मीटरला सुमारे १,१६२ न्यूटन, म्हणजे ११८ किलो वजनाइतका. बाजू उघड्या असल्या की वारा खालून ढकलतो आणि वरून ओढतो.

८ मीटर रुंद शेड, दर ४ मीटरवर खांब, असं धरा. मधल्या एका खांबाच्या वाट्याला १६ चौरस मीटर छत येतं. दाबाचा गुणक (छताच्या आकारानुसार दाब कमी-जास्त करणारा आकडा) १ धरला तरी उचल, म्हणजे छताला वर खेचणारा जोर, १.९ टनांच्या आसपास जाते. ही उचल खड्ड्यातल्या वजनाने रोखायची असते, म्हणून आता खड्डा बघा. ०.९ मीटर चौकोनी, ०.३ मीटर जाड फूटिंग (खांबाखालचा काँक्रीटचा पाया) सुमारे ५८० किलोचं, त्यावर ०.९ मीटर मातीचा भराव, तो साधारण १,२५० किलो. कोरड्यात हिशेब कसाबसा जुळतो. पण जुलैत खड्ड्याभोवती पाणी साचलं की हेच वजन निम्म्याजवळ येतं, आणि वाऱ्याचा जोरही तेव्हाच असतो. खाडीजवळच्या भराव घातलेल्या जमिनीत हे हमखास होतं. म्हणून खड्ड्याचं माप अंदाजाने ठरवू नका, डिझायनरकडून लेखी घ्या. भराव २०० मिलिमीटरच्या थरांनी टाका आणि प्रत्येक थर कुटून घ्या. सैल भराव उचल रोखत नाही.

लाकडी बल्ली किंवा लोखंडी पाइप थेट जमिनीत गाडण्याचा मोह टाळा. दोन्ही कुजतात किंवा गंजतात ते खोल तळाशी नाही, जमिनीच्या पातळीवर, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. काँक्रीटचा पेडेस्टल (फूटिंगवरचा आखूड खांब) जमिनीपासून २००–३०० मिलिमीटर वर काढून लोखंडी खांबाच्या तळाची बेस प्लेट त्यावर बसवा. फाउंडेशन बोल्ट टेम्प्लेटमध्ये (बेस प्लेटसारखीच भोकं असलेल्या साच्यात) धरूनच काँक्रीट ओता. काँक्रीट बसल्यावर बोल्ट वाकवून भोकात आणला तर तो तिथेच कमकुवत होतो. आटे ग्रीस लावून कापडाने गुंडाळा. आखणीत दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले नाहीत तर पुढे पत्रा तिरका जातो, आणि ती चूक शेवटच्या पत्र्यापर्यंत लपत नाही.

उभारणीत पहिल्या दोन कैच्या (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे) उभ्या राहिल्या की आधी त्यांच्यात तिरपी ब्रेसिंग लावा, मगच तिसरी उचला. त्याशिवाय रांग पत्त्यांसारखी आडवी होते.

पत्रा लावताना पावसाळी वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो हे लक्षात ठेवा. सुरुवात पूर्वेच्या टोकाकडून करा, म्हणजे जोडाची उघडी कड वाऱ्याकडे राहत नाही. उतारावरचा जोड किमान १५० मिलिमीटर ठेवा. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, पन्हाळीत नको. पाणी तिथूनच वाहतं. कडेच्या आणि माथ्याच्या पर्लिनवर (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्टीवर) प्रत्येक उंचवट्याला स्क्रू हवा, कारण वारा कडा आधी उचकटतो. मध्ये एकाआड एक चालतो. रबरी वॉशर चपटा होऊन बाहेर फुगला तर स्क्रू जास्त आवळला आहे. दोन उन्हाळ्यांत वॉशर तडकून गळती सुरू होते.

ग्राइंडरने पत्रा कापला तर ठिणग्यांचे कण रंगावर चिकटतात आणि लालसर ठिपके पसरतात. कातरीने कापा आणि दिवस संपताना छत झाडून घ्या. प्रकाशासाठी लावलेल्या पारदर्शक पत्र्यावर कुणालाही पाय ठेवू देऊ नका. त्याच्या चारही बाजूंना आधी फळ्या टाका आणि हार्नेसची दोरी वेगळ्या, पक्क्या पर्लिनला बांधा.